पुन्यानीचं मूळ हस्तलिखित कुठे आहे?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. साहित्याचा आढावा लिहिताना एका संयुगाच्या विद्राव्यतेचा आकडा मी एका अलीकडच्या पेपरमधून उचलला, आणि संदर्भ मात्र त्या पेपरनं दिलेल्या जुन्या, मूळ पेपरचा दिला. तो मूळ पेपर मी उघडलासुद्धा नव्हता. मसुदा वाचताना गाइडनी त्या ओळीवर पेन टेकवलं आणि एवढंच विचारलं, "हा पेपर वाचलायस का तू?" मी गप्प. दोन दिवसांनी ग्रंथालयातून तो पेपर मिळाला तेव्हा कळलं, की आकडा बरोबर होता, पण तो वेगळ्या तापमानाचा होता. मधे कुणाकडून तरी तापमान गळलं होतं आणि पुढच्या सगळ्यांनी, माझ्यासकट, एकमेकांच्या भरवशावर तोच आकडा पुढे नेला होता.

त्यानंतर जेव्हा जेव्हा कुणी मला विचारतं, की "मूळ संदर्भ बघायलाच हवा का? दहा जणांनी दिलाय म्हणजे बरोबरच असेल ना?", तेव्हा मी त्यांना एका व्हायोलिनवादकाची गोष्ट सांगते. आज तीच तुम्हाला सांगणार आहे. तुम्ही पेट देऊन संशोधन आराखडा लिहायला बसला असाल, तर ही गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. संगीतातलं फारसं कळत नसलं तरी चालेल.

कोण होता हा माणूस?

फ्रिट्झ क्राइस्लरचा जन्म 2 फेब्रुवारी 1875 रोजी व्हिएन्नात झाला. वडील डॉक्टर, आणि घरात संगीताची आवड. मुलगा सातव्या वर्षी व्हिएन्नाच्या संगीत विद्यालयात दाखल झाला. तिथे त्याला स्वरशास्त्र शिकवायला होते अंतोन ब्रुकनर, म्हणजे ज्यांच्या सिंफनी आज जगभर वाजतात तेच. दहाव्या वर्षी त्यानं तिथलं सुवर्णपदक मिळवलं. मग पॅरिस. तिथल्या विद्यालयाचं पहिलं पारितोषिक त्याला मिळालं 1887 मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी. पुढच्याच वर्षी तो मोरित्झ रोझेन्थाल या पियानोवादकाबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला.

इथपर्यंत ही 'बालप्रतिभावंता'ची नेहमीची कहाणी वाटते. पण नंतर त्यानं व्हायोलिन जवळजवळ बाजूला ठेवलं. शालेय शिक्षण पुरं केलं, दोन वर्षं वैद्यकशास्त्र शिकला, लष्करी सेवा केली. परत संगीताकडे वळला तेव्हा व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराच्या वाद्यवृंदात जागा मागायला गेला, आणि तिथल्या चाचणीत नापास झाला! ज्याला पुढे शतकातल्या सर्वांत मोठ्या व्हायोलिनवादकांमध्ये गणलं गेलं, त्याला त्याच्याच गावच्या वाद्यवृंदानं साधी नोकरी दिली नाही. नेट एकदा हुकली म्हणून खचलेल्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

1899 मध्ये आर्थर निकिश यांच्या संचालनाखाली बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर त्याचं वादन झालं आणि नाव सर्वदूर गेलं. 10 नोव्हेंबर 1910 रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये एडवर्ड एल्गार यांची नवी व्हायोलिन कॉन्चेर्तो पहिल्यांदा वाजली. संचालन स्वतः एल्गार यांचं, आणि व्हायोलिन क्राइस्लरचं. ग्रामोफोनचे दिवस सुरू झाले होते. तीन-चार मिनिटांच्या तबकडीत मावतील अशा छोट्या, गोड रचना वाजवण्यात त्याचा हातखंडा होता. तबकड्यांवरून तो लोकांच्या दिवाणखान्यात पोचला.

आणि आपली गोष्ट या छोट्या रचनांचीच आहे.

मठात सापडलेली हस्तलिखितं

क्राइस्लरच्या कार्यक्रमांत काही नावं वारंवार दिसायची. पुन्यानी, कूपराँ, फ्राँकर, पाद्रे मार्तिनी, पोर्पोरा, विवाल्दी. हे सगळे सतराव्या-अठराव्या शतकातले संगीतकार. त्यांच्या या रचना त्याआधी कुणी ऐकलेल्या नव्हत्या. क्राइस्लरचं म्हणणं असं, की जुन्या ग्रंथसंग्रहांत आणि फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या एका मठात त्याला ही हस्तलिखितं सापडली, आणि त्यानं ती आजच्या व्हायोलिनसाठी बसवली. जर्मनीतल्या शॉट या प्रकाशनसंस्थेनं त्या 'अभिजात हस्तलिखितं' अशा मालिकेत छापल्या. इतर वादक त्या वाजवू लागले, शिक्षक शिकवू लागले, समीक्षक पुन्यानीच्या गांभीर्याची आणि कूपराँच्या नाजूकपणाची वाखाणणी करू लागले.

या सगळ्या रचना क्राइस्लरनं स्वतः लिहिल्या होत्या. त्यांच्यामागे कुठलीच हस्तलिखितं नव्हती.

हे कळायला सुमारे तीस वर्षं लागली. मधल्या काळात एक इशारा मिळाला होता. 'लीबेसफ्रॉइड', 'लीबेसलाइड' आणि 'शोन रोझमारिन' हे त्याचे तीन व्हिएनीज नाच. आज व्हायोलिन शिकणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर ते कधीतरी पडतात. 1905 मध्ये ते छापले गेले तेव्हा जोसेफ लान्नर या एकोणिसाव्या शतकातल्या व्हिएनीज संगीतकाराचं नाव पुढे केलेलं होतं. बर्लिनमधल्या एका समीक्षकानं क्राइस्लरवर टीका केली, की लान्नरच्या असल्या रत्नांशेजारी तुमची स्वतःची 'काप्रिस व्हिएन्वा' ही रचना ठेवणं बरं दिसत नाही. तेव्हा क्राइस्लरला सांगावं लागलं, की बाबा रे, ते लान्नरचे नाचही माझेच आहेत. 1910 मध्ये हे तीन नाच त्याच्या स्वतःच्या नावानं नोंदले गेले.

आता तुम्ही संशोधक म्हणून विचार करा. एका माणसानं एका ठिकाणी उसनं नाव वापरल्याचं उघड झालं. मग त्याच माणसानं आणलेल्या बाकीच्या 'सापडलेल्या' रचनांकडे कुणी वळून पाहायला नको होतं का? एखाद्या लेखकाचा एक पेपर मागे घेतला गेला, तर आपण त्याचे उरलेले पेपर पुन्हा तपासतो. इथे पुढची पंचवीस वर्षं कुणी तपासलं नाही.

आठ फेब्रुवारी 1935

ऑलिन डाउन्स हे 'न्यूयॉर्क टाइम्स'चे संगीत समीक्षक. 1935 च्या सुरुवातीला ते एका व्याख्यानाची तयारी करत होते. व्याख्यानात प्रात्यक्षिक देणार होता यहुदी मेन्युहिन, तेव्हा अठरा वर्षांचा, पण आधीच जगप्रसिद्ध. वाजवायची होती पुन्यानी-क्राइस्लर यांची 'प्रेल्युडियम आणि आलेग्रो'. डाउन्सना श्रोत्यांना एक साधी गोष्ट दाखवायची होती : यातला पुन्यानीचा भाग किती, आणि क्राइस्लरनं घातलेली भर किती. त्यासाठी मूळ रचना शेजारी ठेवून तुलना करायला हवी, म्हणून ते मूळ शोधायला लागले. ग्रंथालयात मिळालं नाही. प्रकाशकाकडे विचारणा केली, तिथेही नाही. शेवटी व्हिएन्नात असलेल्या क्राइस्लरलाच तार केली.

क्राइस्लरनं नुकतीच साठी गाठली होती. त्यानं आढेवेढे न घेता कबूल केलं, की ती रचना त्याची स्वतःची आहे, आणि त्या मालिकेतल्या बाकीच्याही. 8 फेब्रुवारी 1935 ला 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर ही बातमी आली.

इथे जरा थांबा. डाउन्स कुणाला पकडायला निघाले नव्हते. त्यांना संशयही आलेला नव्हता. त्यांना फक्त स्वतःचं व्याख्यान नीट करायचं होतं. तीस वर्षांत ती रचना असंख्य वेळा वाजली, छापली गेली, तिच्यावर लिहिलं गेलं, पण 'मूळ दाखवा' असं म्हणायची वेळच कुणावर आली नव्हती, कारण प्रत्येकाला आपल्या आधीचा माणूस पुरेसा वाटत होता. वादकाला छापील प्रत पुरे झाली, छापणाऱ्याला क्राइस्लरचा शब्द, समीक्षकाला कार्यक्रमपत्रिका.

फसले कसे?

तज्ज्ञांच्या कानाला कळलं कसं नाही, हा प्रश्न साहजिक आहे. मला यात प्रयोगशाळेतली एक ओळखीची अडचण दिसते : तुलनेसाठी प्रमाण नमुनाच नव्हता. विवाल्दीचंच बघा. आज 'फोर सीझन्स' मोबाइलच्या रिंगटोनमध्येही ऐकू येतं, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विवाल्दीचं फार थोडं संगीत लोकांसमोर होतं. खरा विवाल्दी कसा वाजतो हेच ठाऊक नसेल, तर खोटा ओळखणार कसा?

आणि गंमत बघा. विवाल्दीची खरी हस्तलिखितं पुढे खरोखरच धर्मगुरूंच्या ताब्यातून बाहेर आली! 1926 मध्ये इटलीच्या पिएमाँत भागात सेल्शियन धर्मगुरू चालवत असलेल्या एका शाळेला आपला जुना ग्रंथसंग्रह विकायचा होता. किंमत ठरवण्यासाठी तो तुरिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आला. विद्यापीठातले अल्बेर्तो जेंतीली यांनी तो तपासला, तर त्यात विवाल्दीच्या हस्तलिखितांचे चौदा खंड! जेंतीली एवढ्यावर थांबले नाहीत. खंड मधेमधे तुटलेले दिसत होते, म्हणजे हा संग्रह अर्धाच आहे आणि उरलेला अर्धा दुसरीकडे कुठेतरी असणार, हे त्यांनी ताडलं. माग काढत काढत तो जेनोआच्या एका सरदार घराण्याच्या वारसाकडे सापडला आणि 1930 मध्ये तुरिनला आला. आपली लहान मुलं गमावलेल्या फोआ आणि जोर्दानो या दोन कुटुंबांनी मुलांच्या स्मरणार्थ या खरेदीचा पैसा दिला. आजही तुरिनमध्ये हे दोन्ही संग्रह त्या मुलांच्या नावानं ओळखले जातात.

दोन्ही गोष्टींत 'मठात हस्तलिखित सापडलं' हे वाक्य सारखंच आहे. फरक एवढाच, की जेंतीलींच्या बाबतीत कुणीही उठून तुरिनला जावं आणि पानं उलटून बघावीत. क्राइस्लरच्या बाबतीत मठ कुठला, पान कुठलं, काहीच दाखवता येत नव्हतं. संशोधनात सगळा फरक इथेच पडतो.

बचाव आणि उलटतपासणी

कबुलीनंतर लंडनच्या 'संडे टाइम्स'मध्ये समीक्षक अर्नेस्ट न्यूमन यांनी क्राइस्लरला धारेवर धरलं. क्राइस्लरनं उत्तर दिलं, आणि वाद रंगला. दोन्ही बाजू वाचताना मला आमच्या कोर्सवर्कमधल्या 'रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स'च्या तासाची आठवण होते.

क्राइस्लरचं म्हणणं थोडक्यात असं. तरुणपणी त्याला एकट्याच्या कार्यक्रमात वाजवण्याजोग्या छोट्या रचना हव्या होत्या आणि त्या फारशा नव्हत्या. स्वतः लिहून कार्यक्रमपत्रिकेत आपलंच नाव पुन्हा पुन्हा घालणं त्याला शोभणारं वाटेना. शिवाय एका वादकाची रचना दुसरे वादक सहसा वाजवत नाहीत. छापील प्रतींवर त्यानं सूचनाही दिली होती, की मूळ सामग्री इतकी मोकळेपणानं हाताळली आहे, की या जवळजवळ स्वतंत्र रचनाच आहेत. आणि शेवटचा मुद्दा : नाव बदललं म्हणून संगीताचं मोल थोडंच बदलतं?

न्यूमन यांचं म्हणणं असं, की प्रश्न रचना चांगल्या आहेत की वाईट हा नाहीच. त्या काळचं बरंचसं संगीत ठराविक साच्यांतून चालायचं, त्यामुळे तयारीच्या माणसाला त्याची नक्कल करणं काही अवघड नाही. प्रश्न सचोटीचा आहे.

तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात? मला क्राइस्लरबद्दल सहानुभूती आहे, खोटं कशाला बोलू. नवख्या माणसाच्या कामाकडे कुणी बघत नाही आणि तेच काम मोठ्या नावाखाली गेलं की सगळे माना डोलावतात, हा अनुभव पीएचडी करणाऱ्या कुणालाही नवा नाही. पण त्या छापील सूचनेकडे नीट बघा. 'मोकळेपणानं हाताळली आहे' असं म्हणताना 'मूळ हस्तलिखित आहे' हे तिनं गृहीतच धरलंय. अर्धसत्य असंच असतं. पुढे जाब विचारला तर दाखवायला एक ओळ असावी, एवढ्यापुरतंच ते लिहिलेलं असतं.

आपण चोरी म्हटलं, की दुसऱ्याचं काम आपल्या नावावर घेणं एवढंच समजतो. क्राइस्लरनं उलट केलं, स्वतःचं काम दुसऱ्याच्या नावावर टाकलं. त्यात कुणाचं काय गेलं? गेलं ते पुन्यानीबद्दलचं ज्ञान. तीस वर्षं लोक पुन्यानी म्हणून जे ऐकत होते तो पुन्यानी नव्हता. वाचकाला हे नवं नसावं. 'नामा म्हणे' अशी मुद्रा असलेले सगळे अभंग संत नामदेवांचेच का, यावर आपल्याकडे अभ्यासकांनी किती खल केलाय! प्रक्षिप्त अभंग लिहिणाऱ्यांनी भक्तीपोटीच ते लिहिले असतील, पण खरे नामदेव शोधायचं काम त्यांनी पुढच्यांच्या डोक्यावर टाकलं. म्हणून तर एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीतले अपपाठ काढून प्रत शुद्ध केली आणि यात कुणी आपली ओवी घालू नका अशी ताकीदही शेवटी देऊन ठेवली. त्यांना ओव्या रचता येत नव्हत्या असं कोण म्हणेल?

क्राइस्लरच्या करामतीचा परिणाम पुढेही झाला. त्याच सुमारास, 1933 मध्ये, मारियुस काझाद्स्यूस यांनी मोझार्टनं बालपणी लिहिलेली म्हणून 'आदेलाईद' नावाची व्हायोलिन कॉन्चेर्तो छापली. ती ध्वनिमुद्रित केली पुन्हा मेन्युहिननंच. मोझार्टचे अभ्यासक आल्फ्रेड आइनस्टाइन यांना ती खरी वाटेना, आणि शंका व्यक्त करताना त्यांनी चक्क क्राइस्लरचा दाखला दिला. काझाद्स्यूसनी ती रचना स्वतःची असल्याचं कबूल केलं 1977 मध्ये.

खंदकातला कान

एवढं वाचून क्राइस्लर म्हणजे लबाड माणूस असं मत झालं असेल, तर आणखी एक प्रसंग सांगते. तो मला जास्त आवडतो.

1914 मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हा क्राइस्लर ऑस्ट्रियाच्या सैन्यात परत रुजू झाला. लेंबर्गजवळ, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या ल्विवजवळ, रशियन घोडदळाच्या हल्ल्यात जखमी झाला आणि युद्धातून बाहेर पडला. 1915 मध्ये त्यानं त्या चार आठवड्यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो, की डोक्यावरून जाणाऱ्या तोफगोळ्यांचे आवाज त्याला दोन प्रकारचे ऐकू आले. एक जडसर, उतरत्या सुराचा. दुसरा तीक्ष्ण, चढत्या सुराचा. आधी वाटलं, आपले गोळे आणि रशियन गोळे यांच्यातला हा फरक असेल. पण तुकडी पुढे सरकली तसा फरक कमी होत गेला, एका जागी नाहीसा झाला आणि मग उलटा झाला. त्यावरून त्यानं अनुमान काढलं : गोळा वर चढताना सूर उतरतो, खाली येताना चढतो, आणि बदलाची जागा म्हणजे मार्गाचा सर्वोच्च बिंदू. त्याच्या वरिष्ठांनी त्याला नकाशा देऊन पाठवलं. शत्रूच्या गोळ्यांचा तो बिंदू त्यानं कानानं ठरवून नकाशावर मांडला, आणि त्यावरून रशियन तोफांचं अंतर जवळपास अचूक मिळालं असं त्याला नंतर कळवण्यात आलं.

निरीक्षण, पहिला अंदाज, अंदाज मोडणारी नोंद, दुसरा अंदाज, चाचणी. आपण आराखड्यात 'संशोधन पद्धती' म्हणून जे लिहितो ते हेच की! अर्थात, हा प्रसंग त्याच्याच पुस्तकातून आपल्यापर्यंत आला आहे हेही लक्षात ठेवा. आणि हे वाक्य तुम्हाला आधीच सुचलं असेल, तर तुमची तयारी चांगली चालली आहे.

नाझी सत्तेवर आल्यावर क्राइस्लरनं जर्मनीत वाजवणं नाकारलं. पुढे तो फ्रेंच आणि 1943 मध्ये अमेरिकन नागरिक झाला. 1941 मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर ट्रकनं उडवल्यावर तो बरेच दिवस बेशुद्ध होता, तरी पुन्हा मंचावर आला. 29 जानेवारी 1962 ला तो गेला. त्याचं ग्वार्नेरी व्हायोलिन आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. 'प्रेल्युडियम आणि आलेग्रो' आजही व्हायोलिनचे विद्यार्थी घासूनपुसून तयार करतात. छापील प्रतीवर आता 'पुन्यानीच्या शैलीत' असं लिहिलेलं असतं. त्या एका शब्दानं रचनेतला एकही स्वर बदलला नाही, आणि पुन्यानीवरचा अन्याय मात्र दूर झाला. हे पहिल्या दिवशीच लिहिता आलं असतं.

आता तुमचं काम. आराखड्याच्या संदर्भयादीतला एक असा संदर्भ निवडा, जो तुम्ही दुसऱ्याच्या पेपरमधून घेतलाय. सगळे नकोत, एकच. तो मूळ पेपर मिळवा आणि तुम्ही जे वाक्य त्याच्या नावावर लिहिलंय ते त्यात खरंच आहे का बघा. असेल तर उत्तम. नसेल तर गाइडच्या आधी तुम्हाला कळलं, हे काय कमी आहे?

माझ्या प्रबंधात तो विद्राव्यतेचा आकडा अजून आहे. आता त्याच्यापुढे तापमान लिहिलेलं आहे.